आहार, सवयी आणि मेंदूचं म्हातारपण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या विषयावर येणारे बहुतेक प्रश्न ‘काय खाऊ?’ असे असतात. उत्तरं मात्र बऱ्याचदा ताटाबाहेर निघतात: रक्तदाबात, कानात, झोपेत, पायांत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जो मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला आहे, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. हे वाचून चालू औषध स्वतःहून बंद किंवा कमी-जास्त करू नका.

१. वय झालं की विसरायला होणारच. मग म्हातारपण कुठलं आणि आजार कुठला, हे ओळखायचं कसं?

चाळिशीनंतर मेंदूचं आकारमान दर दहा वर्षांत ढोबळमानाने ५ टक्के घटतं आणि सत्तरीनंतर हा वेग वाढतो. त्यामुळे ओळखीच्या माणसाचं नाव ओठांवर येऊन अडणं, चष्मा शोधत फिरणं, दोन कामं एकदम करताना गोंधळणं हे वयानुसार चालायचंच. शब्दसंपत्ती आणि आयुष्यभर जमवलेलं ज्ञान सहसा टिकून राहतं. मंदावतो तो वेग.

काळजीची लक्षणं वेगळी असतात. तासाभरात तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारणं, रोजच्या रस्त्यावर चुकणं, वर्षानुवर्षं स्वतः सांभाळलेले पैशांचे किंवा गोळ्यांचे हिशेब बिघडणं, स्वभाव पालटणं. नाव विसरलं तरी अर्ध्या तासाने आठवलं, तर घाबरू नका. पण काल जेवायला पाहुणे आले होते हेच आठवत नसेल, आणि आठवण करून दिल्यावरही ओळख पटत नसेल, तर तपासणी करून घ्या. काही तासांत किंवा दिवसांत अचानक झालेला बदल हा तिसराच प्रकार आहे. त्यासाठी प्रश्न १९ पाहा.

२. मेंदू म्हातारा होतो म्हणजे आत नेमकं काय होतं? आणि खाण्याचा त्याच्याशी काय संबंध?

मेंदूचं वजन सुमारे १.३ ते १.४ किलो, म्हणजे शरीराच्या जेमतेम २ टक्के. पण विश्रांतीच्या वेळी शरीर जी ऊर्जा वापरतं, तिच्यातला सुमारे पाचवा हिस्सा एकटा मेंदू घेतो. इंधन साठवायची सोय त्याच्याकडे जवळजवळ नाही, म्हणून रक्ताचा पुरवठा अखंड लागतो. वय वाढतं तशा मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या ताठर होतात, त्यांच्या शेवटच्या टोकांना रक्त कमी पोहोचतं, आणि एमआरआयमध्ये पांढऱ्या भागावर ठिपके दिसू लागतात. शिवाय अमायलॉइड आणि टाऊ ही प्रथिनं साचतात. वृद्धापकाळी स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या मेंदूत बहुधा या दोन्ही गोष्टींची सरमिसळ आढळते.

आहाराचा मोठा परिणाम रक्तवाहिन्यांच्या वाटेने होतो: रक्तदाब, एलडीएल (‘वाईट’ म्हणतात ते) कोलेस्टेरॉल, साखर, वजन. म्हणूनच ‘मेंदूसाठी खास’ म्हणून विकला जाणारा पदार्थ तपासून पाहिला, तर त्यात हृदयासाठी सांगितलेल्या गोष्टींपलीकडे फारसं काही सापडत नाही.

३. जीवनशैली बदलून किती फरक पडतो? आकडा सांगा.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या स्मृतिभ्रंश आयोगाने २०२४ च्या अहवालात बदलता येण्याजोगे १४ धोके दिले आहेत: कमी शिक्षण, ऐकू कमी येणं, उच्च एलडीएल, नैराश्य, डोक्याला मार, बैठी राहणी, मधुमेह, धूम्रपान, उच्च रक्तदाब, लठ्ठपणा, अति मद्यपान, एकटेपणा, हवेचं प्रदूषण आणि दुर्लक्षित दृष्टिदोष. हे सगळे धोके नाहीसे झाले, तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकतील, असा त्यांचा अंदाज आहे. सर्वांत मोठा वाटा ऐकू कमी येण्याचा आणि मध्यमवयातल्या उच्च एलडीएलचा, प्रत्येकी सुमारे ७ टक्के.

हा आकडा लोकसंख्येचा आहे. ‘मी नीट वागलो तर माझा धोका ४५ टक्क्यांनी कमी’ असा त्याचा अर्थ होत नाही. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते: या चौदांत ‘आहार’ असा वेगळा धोका नाहीच. आहार तिथे आहे तो एलडीएल, रक्तदाब, मधुमेह आणि लठ्ठपणा या चार नावांनी.

४. ठीक आहे, पण नक्की काय खायचं? आठवड्याचं माप द्या.

मेंदूच्या दृष्टीने सर्वांत जास्त अभ्यासलेला आराखडा ‘माइंड’ आहाराचा आहे. शिकागोच्या रश विद्यापीठातल्या मार्था क्लेअर मॉरिस आणि सहकाऱ्यांनी तो २०१५ मध्ये मांडला. त्याची मापं अशी:

- हिरव्या पालेभाज्या आठवड्यातून किमान ६ वेळा. एक वेळ म्हणजे मोठा कपभर कच्ची किंवा अर्धा कप शिजवलेली
- इतर भाज्या रोज किमान एकदा
- अख्खी धान्यं रोज ३ वेळा
- कडधान्यं आठवड्यातून ३ पेक्षा जास्त वेळा
- अक्रोड, बदाम यांसारखी कवचफळं आठवड्यातून ५ वेळा, दर वेळी साधारण ३० ग्रॅम
- बेरीवर्गातली फळं आठवड्यातून २ वेळा, गोठवलेली चालतात
- मासे आठवड्यातून एकदा, कोंबडी २ वेळा (न खाणाऱ्यांसाठी प्रश्न ६)
- मुख्य तेल ऑलिव्हचं

आवर घालायचा तो पाच गोष्टींना. लाल मांस आठवड्यातून ४ वेळांपेक्षा कमी, लोणी दिवसाला एका मोठ्या चमच्याहून कमी, चीज आणि तळलेले किंवा झटपट खाद्यपदार्थ आठवड्यातून एकदापेक्षाही कमी, गोड पदार्थ ५ वेळांपेक्षा कमी.

घोळ होतो तो बेरजेत. आहे त्या जेवणावर मूठभर बदाम आणि दोन चमचे तेल चढवलं, की रोज ३५०-४०० उष्मांक वाढतात आणि वर्षभरात वजन. चांगला पदार्थ कशाच्या *जागी* येतोय ते आधी ठरवा: बिस्किटांच्या जागी बदाम, लोण्याच्या जागी तेल. दुसरी फसगत ‘मल्टिग्रेन’ या शब्दाची. पाकिटावरच्या घटकांच्या यादीत पहिलं नाव अख्ख्या धान्याचं नसेल, तर आत मुख्यतः मैदाच आहे असं समजा.

५. हा आहार प्रयोगाने सिद्ध झालाय का?

पूर्णपणे नाही. २०१५ च्या निरीक्षणात, हा आहार काटेकोरपणे पाळणाऱ्यांमध्ये अल्झायमरचं (स्मृतिभ्रंशाच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकाराचं) प्रमाण ५३ टक्क्यांनी आणि बऱ्यापैकी पाळणाऱ्यांमध्ये ३५ टक्क्यांनी कमी दिसलं. पण असं खाणारी माणसं एरवीही जास्त चालतात, कमी धूम्रपान करतात, जास्त शिकलेली असतात. हिशेबात कितीही दुरुस्त्या केल्या, तरी हा गुंता पूर्ण सुटत नाही.

म्हणून ६०४ ज्येष्ठांचे दोन गट पाडून तीन वर्षं चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले: माइंड आहाराचा गट आणि नेहमीचंच पण कमी उष्मांकांचं खाणारा गट यांच्यात ठळक फरक नाही. दोन्ही गटांचं वजन सुमारे ५ किलोंनी उतरलं आणि दोघांचेही बौद्धिक चाचण्यांतले गुण थोडे सुधारले. तुलनेचा गटही सुधारला की फरक दिसणं कठीण होतं, आणि मेंदूच्या बाबतीत तीन वर्षं हा काळ तसा तोकडाच. आमचं मत: हा आहार हृदयासाठी भक्कम आधारावर उभा आहे, मेंदूसाठी शक्यतेच्या पातळीवर. पाळायला हरकत काहीच नाही. हमी म्हणून पाळू नका.

६. मी शाकाहारी आहे. मेंदूला काही कमी पडेल का?

ओमेगा-३ ची चिंता त्या मानाने कमी. जवस आणि अक्रोडात एएलए हे वनस्पतींतलं ओमेगा-३ असतं. शरीर त्यातलं फार थोडं डीएचएमध्ये, म्हणजे माशांत मिळणाऱ्या ओमेगा-३ मध्ये, बदलतं. डीएचए थेट हवंच असेल, तर माशांनाही ते जिथून मिळतं त्या शैवालाचं तेल मिळतं.

खरा प्रश्न बी-१२ चा. प्रौढाला रोज सुमारे २.४ मायक्रोग्रॅम लागतं आणि ते नैसर्गिकरीत्या प्राणिज पदार्थांतच मिळतं. दूध-अंडीही वर्ज्य असतील, तर गोळी किंवा बी-१२ घातलेले पदार्थ घ्यावेच लागतात. स्पिरुलिना या शैवालाच्या पूरकावर विसंबू नका. त्यातलं बी-१२ बहुतांशी असं असतं, जे माणसाच्या शरीराला वापरता येत नाही. मांसाहारी माणसालाही कमतरता होऊ शकते: मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन, आम्लपित्तासाठी ओमेप्राझोलसारख्या गोळ्या, पोटाची शस्त्रक्रिया, किंवा वयोमानाने जठरातलं आम्ल कमी होणं.

हातापायांना मुंग्या, चालताना तोल जाणं, विस्मरण, चिडचिड ही लक्षणं रक्तक्षय नसतानाही दिसू शकतात. रक्तातली पातळी २०० ते ३०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर या सीमारेषेवर आली, तर ‘नॉर्मल’ म्हणून सोडून देऊ नका. मिथाइलमॅलोनिक आम्ल किंवा होमोसिस्टीन (बी-१२ कमी पडलं की रक्तात वाढणारे घटक) तपासलं की खरं चित्र कळतं. फक्त फॉलिक आम्लाच्या गोळ्या घेत राहिलात, तर रक्तक्षय भरून येतो आणि नसांची हानी मात्र झाकली जाऊन चालूच राहते. उपचार लवकर झाले तर विस्मरण भरून येऊ शकतं. लांबले तर काही नुकसान कायमचं राहतं.

७. स्मरणशक्तीच्या गोळ्या, जिन्कगो, माशाचं तेल, हळदीचा अर्क, मल्टिव्हिटॅमिन... यातलं काय घ्यावं?

कमतरता नसेल तर जवळजवळ काहीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शनात स्मृतिभ्रंश टाळण्यासाठी ब आणि ई जीवनसत्त्वं, ओमेगा-३ किंवा मिश्र पूरकं घेऊ नयेत असंच म्हटलं आहे. जिन्कगोची (एका झाडाच्या पानांच्या अर्काची) मोठी चाचणी २००८ मध्ये पूर्ण झाली: ३,०६९ लोक, दिवसातून दोनदा १२० मिलिग्रॅम, आणि स्मृतिभ्रंशात काहीही घट नाही. माशाच्या तेलाने मासे खाण्याइतका लाभ दाखवलेला नाही, आणि मोठ्या मात्रेत हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो. हळदीतलं कर्क्युमिन आतड्यातून फारच कमी शोषलं जातं. शोषण वाढवलेल्या गोळ्यांमुळे यकृताला इजा झाल्याची प्रकरणं नोंदली गेली आहेत.

मल्टिव्हिटॅमिन हा किंचित अपवाद. अमेरिकेतल्या ‘कॉसमॉस’ चाचण्यांत रोज एक साधी गोळी घेणाऱ्या ज्येष्ठांची स्मृती थोडी बरी राहिली. फरक छोटा आहे आणि त्यामुळे स्मृतिभ्रंश टळतो का, हे त्या चाचण्यांनी दाखवलेलं नाही. त्याच संशोधनात कोको अर्काचा बुद्धीला उपयोग दिसला नाही, तरी कोकोच्या गोळ्यांची विक्री जोरात आहे.

८. खोबरेल तेल, कीटो आहार, सोळा तासांचा उपवास: यांनी मेंदू तरुण राहतो का?

कल्पना अशी की अल्झायमरमध्ये मेंदूला ग्लुकोज नीट वापरता येत नाही, मग त्याला चरबीपासून बनणारं पर्यायी इंधन, म्हणजे कीटोन, द्यावेत. कल्पना चुकीची नाही, पण त्यापुढची उडी फार मोठी आहे. खोबरेल तेलातली ८० टक्क्यांहून जास्त मेदाम्लं संपृक्त असतात; एका मोठ्या चमच्यात सुमारे १२ ग्रॅम. त्याने एलडीएल वाढतं, आणि एलडीएल हा प्रश्न ३ मधल्या यादीतला सर्वांत मोठ्या धोक्यांपैकी एक आहे. उपवासाचे चांगले परिणाम मुख्यतः उंदरांवर दिसले. माणसांत वजन उतरतं, पण म्हातारपणी स्मृती टिकल्याचा दीर्घकालीन पुरावा नाही. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि सत्तरीपुढच्या सडपातळ व्यक्तींनी हे प्रयोग स्वतःहून करू नयेत (प्रश्न १७).

९. मधुमेह नसेल तर साखरेची काळजी कशाला?

कारण मधुमेह आधी चोरपावलांनी येतो आणि मग रक्ताच्या अहवालात दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा: वरून घातलेली साखर, मध आणि फळांचे रस मिळून रोजच्या उष्मांकांच्या १० टक्क्यांखाली, जमलं तर ५ टक्के, म्हणजे साधारण २५ ग्रॅम किंवा सहा चहाचे चमचे. लेबलवरच्या ग्रॅमना ४ ने भागा, चमचे कळतील. अख्खं फळ यात मोजू नका, पण त्याच फळाचा रस मोजा.

१०. चहा-कॉफी चालेल?

चालेल. दिवसाला दोन-तीन कप पिणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचा धोका वाढलेला दिसत नाही; काही निरीक्षणांत किंचित कमीच दिसतो. अट वेळेची. कॅफिन शरीरातून अर्धं व्हायला पाच-सहा तास लागतात, त्यामुळे दुपारनंतरचा कप झोपेच्या मुळावर येतो.

११. रोज थोडी दारू मेंदूला चांगली असते म्हणतात. खरं का?

नाही. हा समज जुन्या अभ्यासांतून आला. त्यात ‘न पिणाऱ्यांच्या’ गटात आजारपणामुळे दारू सोडलेली माणसंही मोजली गेली होती, म्हणून थोडी पिणारे तुलनेने ठणठणीत दिसले. ‘यूके बायोबँक’ या ब्रिटनमधल्या आरोग्य-माहितीच्या मोठ्या संग्रहातल्या हजारो मेंदूंच्या एमआरआयवरून २०२२ मध्ये दिसलं, की दिवसाला एक-दोन युनिट घेणाऱ्यांतही मेंदूचं आकारमान थोडं कमी असतं, आणि प्रमाण वाढेल तशी घट वेगाने वाढते. एक युनिट म्हणजे ८ ग्रॅम शुद्ध मद्यार्क. आठवड्याला २१ पेक्षा जास्त युनिट हा लॅन्सेट आयोगाचा ठळक धोका. माइंड आहाराच्या मूळ आराखड्यात रोज एक ग्लास वाइन होती. ती आम्ही प्रश्न ४ मध्ये मुद्दाम वगळली आहे. वर्षानुवर्षं भरपूर पिणाऱ्याने मात्र एका दिवसात बंद करू नये. झटके येऊ शकतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) सुरू करून सोडावी.

१२. व्यायाम कोणता, किती? रोज चालतो, तेवढं पुरे ना?

चालणं हा पाया आहे, पुरेपणा नाही. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमाचा व्यायाम. मध्यम म्हणजे बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही. रमतगमत केलेली फेरी यात बसत नाही. शिवाय आठवड्यातून दोन दिवस ताकदीचे व्यायाम आणि पासष्टीनंतर तीन दिवस तोल सांभाळण्याचे.

पावलं मोजणाऱ्यांसाठी: ‘यूके बायोबँक’च्या निरीक्षणात रोज सुमारे ९,८०० पावलांपर्यंत स्मृतिभ्रंशाचा धोका घटत गेला, पण त्यातला निम्मा फायदा ३,८०० च्या आसपासच मिळाला होता. दहा हजारांचं दडपण घेऊन काहीच न करण्यापेक्षा चार हजार कितीतरी बरे.

ताकदीसाठी उपकरणं लागत नाहीत. हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं ८ ते १२ वेळा, भिंतीला हात टेकून दंड तितकेच, टाचा उचलणं तितकंच. असे दोन फेरे. बारावी वेळ सहज होते म्हटल्यावर खुर्ची बुटकी घ्या किंवा हातात वजन धरा. तोलासाठी ओट्याजवळ उभं राहून एका पायावर ३० सेकंद. हा भाग लोक हमखास गाळतात आणि मग पडतात. डोक्याला लागणं हा स्वतःच प्रश्न ३ मधल्या यादीतला एक धोका आहे.

१३. घरी बीपी कसं मोजायचं, आणि किती असावं?

मध्यमवयातला उच्च रक्तदाब हे मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांचं सर्वांत मोठं दुखणं. ‘स्प्रिंट माइंड’ चाचणीत (२०१९, ९,३६१ लोक, मधुमेही वगळून) वरचा आकडा १२० च्या खाली आणण्याचं लक्ष्य ठेवलेल्या गटात सौम्य बौद्धिक ऱ्हास १९ टक्क्यांनी कमी आढळला. कुठल्याही अक्रोडाने असा निकाल दिलेला नाही.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, धूम्रपान, व्यायाम नको. लघवीला जाऊन या. भरलेल्या मूत्राशयाने आकडा वाढतो. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून, मांडी किंवा पायावर पाय न घालता पाच मिनिटं गप्प बसा. पट्टा उघड्या दंडावर, हात टेबलावर हृदयाच्या उंचीला. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. सकाळी गोळीआधी आणि रात्री, असे सात दिवस. पहिला दिवस सोडून उरलेल्यांची सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त असेल तर डॉक्टरांना वही दाखवा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला, तर आकडा खोटाच वाढतो. मनगटावरची यंत्रं टाळलेली बरी.

मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर, आणि त्यात तयार पदार्थांतलं मीठही आलं. कमी सोडियमच्या मिठाबद्दल प्रश्न १८ पाहा.

१४. ऐकू कमी येतं, पण चालून जातंय. कानाचं मशीन लावून स्मृती सुधारेल का?

अस्पष्ट आवाज उलगडण्यात मेंदूची शक्ती खर्ची पडते आणि माणूस हळूहळू गप्पांतून बाजूला होतो. दोन्हींचा फटका बसतो. ‘अचीव्ह’ चाचणीत (२०२३, ७० ते ८४ वयाचे ९७७ लोक) तीन वर्षांत सगळ्यांचा मिळून फरक दिसला नाही. पण हृदयविकाराचे धोके जास्त असलेल्या ज्येष्ठांच्या गटात बौद्धिक घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. म्हणजे मशीन सर्वांची स्मृती वाचवतं असं नाही. ज्यांची घसरण मुळात वेगाने होत होती, त्यांना लाभ दिसला.

आधी कानात मळ नाही ना ते बघा, मग ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी. मशीन ड्रॉवरमध्ये पडून राहण्याचं कारण बहुधा पहिल्या आठवड्यातला त्रास असतो: भांड्यांचा, पंख्याचा आवाज असह्य वाटतो. पहिले काही दिवस शांत खोलीत तास-दोन तास लावा, तीन-चार आठवड्यांत दिवसभरावर न्या, आणि दोनदा तरी पुन्हा जाऊन आवाजाची जुळणी करून घ्या. मोतीबिंदूही लांबवू नका; शस्त्रक्रिया करून घेतलेल्यांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण कमी आढळलं आहे.

१५. पाच तास झोपूनही मला ताजंतवानं वाटतं. तरी धोका आहे का?

बहुधा आहे. सवय झालेल्या माणसाला स्वतःचं मंदावणं जाणवत नाही. ब्रिटनमधल्या ‘व्हाइटहॉल’ अभ्यासात पन्नाशी-साठीत सहा तास किंवा कमी झोपणाऱ्यांत, सात तास झोपणाऱ्यांच्या तुलनेत, पुढे स्मृतिभ्रंश सुमारे ३० टक्क्यांनी जास्त दिसला. गाढ झोपेत मेंदूतला टाकाऊ माल वाहून जायला मदत होते, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दिसतं.

उठायची वेळ सुट्टीच्या दिवशीही तीच ठेवा. वीस मिनिटांत झोप आली नाही तर अंथरुणातून उठा, मंद उजेडात बसा, डोळे मिटायला लागले की परत या. घोरणं, झोपेत श्वास अडणं, सकाळी डोकं जड असणं ही स्लीप ॲप्नियाची चिन्हं. त्याची तपासणी होते आणि उपचारही. डायफेनहायड्रामिन असलेल्या, चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या झोपेच्या आणि सर्दीच्या गोळ्या ज्येष्ठांनी टाळाव्यात. अॅसिटिलकोलिन या स्मृतीसाठी लागणाऱ्या रसायनाचं काम त्या रोखतात. याउलट, पूर्वी सात तास झोपणारी व्यक्ती साठीनंतर दहा तास झोपू लागली, तर तो आराम नसून लक्षण असू शकतं.

१६. शब्दकोडी, सुडोकू, मोबाइलवरचे मेंदूचे खेळ?

कोडी सोडवून माणूस कोडी सोडवण्यात पटाईत होतो. ‘ॲक्टिव्ह’ चाचणीत (२,८३२ ज्येष्ठ) तीन प्रकारचं प्रशिक्षण तपासलं. पटकन बघून प्रतिसाद देण्याचा वेग वाढवणाऱ्या एकाच प्रकारात दहा वर्षांनी स्मृतिभ्रंश कमी आढळला. आवडत असेल तर जरूर खेळा. पण नवी भाषा, वाद्य किंवा चार जणांबरोबर शिकायचं नृत्य यात चुका सुधाराव्या लागतात आणि माणसंही भेटतात, म्हणून आमचा कौल तिकडे.

१७. सत्तरी उलटली. आता बदलून उपयोग आहे का, आणि हेच नियम लागू होतात का?

उपयोग आहे. फिनलंडमधल्या ‘फिंगर’ चाचणीत (२०१५, ६० ते ७७ वयाचे १,२६० लोक) आहार, व्यायाम, बौद्धिक सराव आणि रक्तवाहिन्यांच्या धोक्यांवर लक्ष अशी चौकडी दोन वर्षं राबवली. त्या गटाच्या गुणांतली सुधारणा तुलनेच्या गटापेक्षा २५ टक्क्यांनी जास्त होती. अमेरिकेत २,१११ लोकांवर झालेल्या ‘पॉइंटर’ चाचणीत (२०२५) दोन्ही गट सुधारले. ज्यांच्या मागे नियमित बैठकांचा आणि हिशेब विचारणाऱ्यांचा लकडा होता, ते जास्त सुधारले. एकट्याने ठरवण्यापेक्षा कुणाबरोबर तरी ठरवा.

नियम मात्र तीन बाबतींत उलटतात, आणि घरची काळजीवाहू मंडळी नेमकी इथेच चुकतात.

वजन: चाळिशी-पन्नाशीतला लठ्ठपणा धोक्याचा, पण सत्तरीनंतर प्रयत्न न करता उतरणारं वजन हे स्मृतिभ्रंशाचं पूर्वचिन्ह असू शकतं. ‘बारीक झालात, छान’ म्हणण्याआधी कारण शोधा. या वयात प्रथिनं किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम हवीत (मूत्रपिंडाचा आजार असल्यास डॉक्टर ठरवतील त्याप्रमाणे).

रक्तदाब: फार खाली गेला तर उभं राहताच अंधारी येते. पाच मिनिटं आडवं राहून मोजा, मग उभं राहून एका आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरत असेल, तर गोळ्यांचा फेरविचार हवा.

साखर: गंभीर हायपो (रक्तातली साखर फार खाली जाणं) पुन्हा पुन्हा होणं स्मृतिभ्रंशाच्या वाढत्या धोक्याशी जोडलेलं आहे. अनेक आजार असलेल्या वृद्धात एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी रक्तचाचणी) ८ च्या आत असणंही अनेकदा पुरेसं मानतात. त्यांच्यात हायपोला घाम किंवा थरथर येईलच असं नाही. नुसतं भांबावणं दिसतं. साखर मोजा, ७० च्या खाली असेल आणि नीट गिळता येत असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा.

१८. गोळ्या चालू असताना प्रश्न ४ मधलं सगळं खाता येतं का?

तीन ठिकाणी अडतं. वॉरफरिन ही रक्त पातळ करणारी गोळी घेत असाल, तर पालेभाज्या बंद करायच्या नाहीत, प्रमाण रोज सारखं ठेवायचं. एका आठवड्यात काहीच नाही आणि पुढच्यात ढीगभर, असं झालं की आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) हलतो. ॲपिक्सॅबॅन, रिव्हारॉक्सॅबॅन, डॅबिगाट्रान या रक्त पातळ करणाऱ्या इतर गोळ्यांना हा नियम नाही. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन यांसारखी रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर न विचारता वापरू नका. आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर जिन्कगो नकोच.

‘स्टॅटिनने (कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीने) विसरायला होतं’ ही तक्रार काही जणांत खरी असते आणि गोळी बदलल्यावर जाते. पण स्टॅटिनमुळे स्मृतिभ्रंश होतो, असं मोठ्या अभ्यासांत आढळलेलं नाही.

१९. कालपर्यंत ठीक होते, आज भलतंच बोलतायत. खाण्यात काही बदल करू?

खाणं राहू द्या, आजच डॉक्टर गाठा. तासा-दिवसांत आलेला गोंधळ हा बहुधा डिलिरियम असतो: लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, पाणी किंवा सोडियम कमी होणं, नवी गोळी, तुंबलेली लघवी. तोंड वाकडं होणं, एका बाजूची ताकद जाणं किंवा वाचा अडखळणं असेल तर तो पक्षाघात; एक मिनिटही घालवू नका. पडल्यानंतर काही आठवड्यांनी सुरू झालेली सुस्ती आणि गोंधळ म्हणजे कवटीखाली साचलेलं रक्त असू शकतं.

हळूहळू वाढलेल्या विस्मरणातही आधी दुरुस्त होण्याजोगी कारणं तपासतात: बी-१२, थायरॉइड, साखर, सोडियम, कॅल्शियम, नैराश्य, चालू औषधांची यादी आणि मेंदूचं स्कॅन.

२०. आईला अल्झायमर होता. जनुकाची चाचणी करून घेऊ का?

लक्षणं नसताना बहुतेकांनी करू नये. एपीओई जनुकाचा ई-४ हा प्रकार एका पालकाकडून आला तर धोका साधारण दोन-तीन पट, दोघांकडून आला तर आठ ते बारा पट होतो. तरीही दोन प्रती असून आजार न झालेले आणि एकही नसून झालेले, दोन्ही आहेत. अहवाल काहीही आला तरी सल्ला या पानावरचाच मिळणार. जनुकीय धोका जास्त असलेल्यांतही चांगल्या सवयी असणाऱ्यांना स्मृतिभ्रंश कमी झाल्याचं सुमारे १ लाख ९६ हजार लोकांच्या २०१९ च्या अभ्यासात दिसलं. चाचणीला खरा अर्थ येतो तो लेकानेमॅबसारखं (मेंदूतलं अमायलॉइड हटवणारं) औषध सुरू करण्याआधी, कारण दोन ई-४ असलेल्यांत मेंदूला सूज येण्याचा धोका जास्त असतो. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या साठीच्या आतच आजार होत असेल, तर गोष्ट वेगळी. जनुकीय समुपदेशकाला भेटा.

२१. निदान झालेल्या माणसाला काय खायला द्यावं? माइंड आहार सुरू करू?

या टप्प्यावर पथ्यापेक्षा पोटात जाणं महत्त्वाचं. दर महिन्याला वजन करा. महिन्यात ५ टक्के उतरलं तर डॉक्टरांना कळवा. चरबी-साखरेची जुनी बंधनं सैल करता येतात का, तेही विचारा.

एका वेळी एकच पदार्थ समोर ठेवा, चार वाट्या पाहून ते गोंधळतात. ताटाचा रंग अन्नापेक्षा वेगळा असू द्या. पांढऱ्या ताटातला पांढरा भात कित्येकांना दिसतच नाही. टीव्ही बंद. चमचा जमत नसेल तर हाताने उचलता येतील असे तुकडे द्या. जेवण नाकारलं तर वाद न घालता अर्ध्या तासाने पुन्हा विचारा. अचानक खाणं सोडलं, तर तोंडात बघा: दातदुखी, न बसणारी कवळी, बुरशी ही कारणं सांगता येत नाहीत म्हणून राहून जातात.

खाताना खोकला, ओलसर घोगरा आवाज, गालात घास साठवणं ही गिळण्याच्या अडचणीची खूण. सरळ ताठ बसवून भरवा, लहान घास, आधीचा गिळल्याची खात्री करूनच पुढचा, आणि जेवणानंतर अर्धा तास आडवं करू नका. शेवटच्या अवस्थेत नाकातून किंवा पोटातून नळी घालावी का, हे विचारलं जातंच. नळीने आयुष्य वाढतं किंवा छातीतला संसर्ग टळतो, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. सावकाश हाताने भरवणं हाच तिथे सुचवला जाणारा मार्ग.